ठाण्याहून व्हॅलेन्सियाला शिफ्ट होतोय, रोजच्या जगण्यात काय काय बदलेल?

तलावपाळी

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. नवऱ्याला स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला जॉब मिळालाय, तो आधी जाणार आणि मी आणि मुलगी (सहा वर्षांची, इथे पहिलीत आहे) ऑक्टोबरच्या आसपास मागून जाणार. व्हिसाचं कंपनीचा एजंट बघतोय त्यामुळे त्याबद्दल विचारत नाहीये, मला रोजचं जगणं कसं असतं ते कळायला हवंय.

लोक काय वाट्टेल ते सांगतात. कोणी म्हणतं तिकडे रात्री दहाला जेवतात, कोणी म्हणतं दुपारी अख्खं गाव झोपतं, रविवारी साधं दूध मिळत नाही, शाकाहारी माणसाचे तर हालच. मी अंडं खाते, नवऱ्याला काहीच वर्ज्य नाही, पण सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत आणि त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे राहायला येणार आहेत. मुलीला रात्री साडेआठला झोपायची सवय आहे, ती मोडायची का? बिल्डिंगमधल्या लोकांशी कसं वागतात, कुकरच्या शिट्ट्यांवरून भांडणं होतात का, हेही डोक्यात आहे. मुख्य म्हणजे कुठे तिथल्या रीतीने वागावं आणि कुठे आपलं आपण धरून ठेवावं हे मला ठरवता येत नाहीये. तिथे राहिलेल्यांनी प्लीज मनापासून सांगा, स्पॅनिशचा क्लास सुरू केलाय पण अजून बाराखडीतच आहे.

खारघरवाला

ताई अभिनंदन! मी बरीच वर्षं व्हॅलेन्सियातच आहे, आईबाबा खारघरला. घाबरू नका, शहर खूप चांगलं आहे, समुद्र आहे, ऊन आहे, आणि माणसं बोलकी आहेत.

पहिलं म्हणजे घड्याळ. रात्री नऊ-दहाचं जेवण ऐकून आपल्याला वाटतं हे लोक उशिरापर्यंत जागणारे, पण त्यामागे कारण आहे. भूगोलाने बघितलं तर स्पेन ग्रीनिचच्या रेषेवर, म्हणजे लंडनच्या वेळेत बसायला हवा, पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे केली ती तशीच राहिली आणि उन्हाळ्यात वर आणखी एक तास पुढे जातो. त्यामुळे जून-जुलैमध्ये व्हॅलेन्सियात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोनच्या पुढे! म्हणजे ते दोनला जेवतात तेव्हा सूर्याच्या हिशोबाने बाराच वाजलेले असतात. हे एकदा लक्षात आलं ना की ती वेळ विचित्र वाटत नाही.

दिवस असा चालतो, सकाळी घरी फक्त कॉफी आणि थोडं काहीतरी, मग दहा-साडेदहाला आल्मुएर्सो. हा व्हॅलेन्सियाचा अगदी जीव आहे, बांधकामावरचे मजूर, बँकेतले लोक, रिटायर्ड आजोबा सगळे बारमध्ये बसून हातभर लांबीचं सँडविच खातात आणि टेबलावर आधीच शेंगदाणे आणि ऑलिव्ह आणून ठेवलेले असतात. मग दोन ते साडेतीन मुख्य जेवण, पाच-साडेपाचला मुलांचं खाणं आणि नऊनंतर हलकं जेवण. म्हणजे रात्री दहाला ताट भरून नाही जेवत, आम्लेट, सूप, सॅलड असलं काहीतरी. हॉटेलात मात्र साडेसातला गेलात तर किचन बंद असतं, साडेआठच्या आधी विचारूच नका. दुपारचा मेनू देल दिया नक्की खा, एका ठरलेल्या किमतीत दोन डिश, ब्रेड, पाणी किंवा वाइन आणि शेवटी गोड नाहीतर कॉफी, मुंबईतल्या ऑफिस एरियात जसं थाळीवर लोकांचं दुपारचं भागतं तसं इथे त्याच्यावर भागतं.

दुपारी सगळे झोपतात हे खरं नाही. नोकरी करणारं कोणी घरी जाऊन झोपत नाही, छोटी दुकानं दोन ते पाच बंद असतात ते जेवायला आणि उन्हामुळे. मोठी सुपरमार्केट सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ सलग चालू असतात, रविवारी मात्र बहुतेक बंद. त्यामुळे शनिवारी दूध-भाजी भरून ठेवायची सवय लावा, रविवारी सकाळी बेकरी उघडी असते तेवढाच आधार. मेर्कादो सेंत्राल म्हणजे १९२८ साली सुरू झालेली मंडई, बघायलाच इतकी सुंदर आहे की विचारू नका, पण ती दुपारी तीनला बंद होते आणि रविवारी उघडत नाही.

आणि मंडईतली एक गोष्ट सांगतो कारण सुरुवातीला कळत नाही. दुकानासमोर रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे उभी असतात, कोणी बाकावर बसलेलं, आपल्याला वाटतं गर्दीच नाही आणि आपण पुढे जातो. पण तिथे रांग असते, ती डोक्यात असते. येणारा माणूस मोठ्याने विचारतो, "कियेन एस एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण? एखादी आजी हात वर करते, मग तुम्ही तिच्या मागे, आणि पुढचा येऊन विचारेल तेव्हा तुम्ही हात वर करायचा. बास, मग खुशाल लांब जाऊन उभं राहा. दवाखान्यातसुद्धा हेच चालतं. हे वाक्य आत्ताच पाठ करा, माझ्या मते हे येणं म्हणजे अर्धं स्पेन आलं, कारण त्या निमित्ताने तुम्ही अनोळखी माणसांशी बोललात आणि त्यांनी तुम्हाला त्यांच्यात धरलं.

तुमचा मुख्य प्रश्न, काय धरायचं काय सोडायचं, तर माझं स्पष्ट मत असं की घराच्या आत आपलं ठेवा आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की त्यांच्या वेळेने आणि त्यांच्या पद्धतीने. लिफ्टमध्ये कोणीही भेटलं की "बुएनोस दियास", डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरलात तरी सगळ्यांना मिळून एकदा, बेकरीत, बसच्या ड्रायव्हरला. आपल्याकडे लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघायची सवय असते, तिथे न बोलणं म्हणजे शिष्टपणा वाटतो. आणि फक्त भारतीयांच्या व्हॉट्सअप ग्रुपमध्ये अडकून पडू नका. सणावाराला, डाळ कुठे मिळते विचारायला ग्रुप हवाच, पण मी अशी चांगली शिकलेली माणसं बघितली आहेत जी इथे इतकी राहूनही खालच्या मजल्यावरच्या बाईचं नाव सांगू शकत नाहीत आणि मग त्यांनाच एकटं वाटतं, बघून फार वाईट वाटतं हो.

कुकरच्या शिट्टीने कोणी भांडत नाही, दुपारी सगळ्यांच्याच घरी स्वयंपाक चालू असतो. रात्री उशिरा वॉशिंग मशीन, फर्निचर ओढणं, यावरून बोलतात.

घोडबंदररोड

वरचं बरचसं पटलं पण मुलीच्या झोपेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी ठाण्याची, आम्ही माद्रिदला राहिलो, मुलगी तिथेच शाळेत होती, आता परत आलोय.

ताई साडेआठची झोप टिकणार नाही पण अकरापर्यंत जागवायचीही गरज नाही. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत बाहेर उजेड असतो, बागेत सगळी मुलं खेळत असतात, तुमची एकटी घरात पडदे लावून झोपेल का? त्या दिवसांत सोडून द्या. शाळेच्या दिवसांत मात्र आम्ही साडेनऊची वेळ कडक पाळली आणि कोणाच्याही आग्रहाला बळी पडलो नाही. म्हणजे खारघरवाला म्हणतात तसं "बाहेर सगळं त्यांच्या वेळेने" हे लहान मूल असेल तर पूर्णपणे जमत नाही, सकाळी नऊची शाळा तर चुकत नाही ना.

शाळेचं महत्त्वाचं. तिथे वर्ग जन्मसालावर ठरतो, महिन्यावर नाही. ज्या कॅलेंडर वर्षात मूल सहा वर्षांचं होतं त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ते प्रायमरीच्या पहिलीत जातं, मग जन्म जानेवारीचा असो की डिसेंबरचा. त्यामुळे तुमची मुलगी कुठल्या वर्गात बसेल ते आत्ताच काढून ठेवा, इथल्या हिशोबापेक्षा वेगळं येऊ शकतं. सरकारी शाळा फुकट असते आणि खरंच चांगली असते, "सरकारी" शब्दाला दचकू नका. ऑक्टोबरला जाताय म्हणजे प्रवेशाची वेळ उलटून गेलेली असणार, मग जिथे जागा शिल्लक तिथे मिळेल. व्हॅलेन्सियात शाळेत स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन भाषाही शिकवतात. मुलं उचलतात पटकन, आपणच मागे पडतो.

डब्याचं सांगते. मधल्या सुट्टीत मुलं सँडविच किंवा फळ नेतात, आणि दुपारचं जेवण शाळेच्या कोमेदोरमध्ये, म्हणजे जेवणाच्या हॉलमध्ये, नाहीतर घरी. कोमेदोरमध्ये शाकाहारी ताट मिळेलच असं नाही, शाळेशाळेवर आहे, आधी लेखी विचारा. पोळीभाजीचा डबा तिथे नेऊन खायची सोय सहसा नसते. आमची मुलगी मासे खायला तिथेच शिकली, आम्ही अडवलं नाही, तुम्ही तुमचं ठरवा.

आणि नाव! हे कोणी सांगत नाही. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, सहसा पहिलं वडिलांकडचं दुसरं आईकडचं, आणि लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. फॉर्मवर दोन रकाने असतात. आपल्या मुलांच्या नावात वडिलांचं नाव मध्ये असतं, ते तिथल्या क्लार्कला पहिलं आडनाव वाटतं. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे तेच आणि तसंच प्रत्येक ठिकाणी लिहा, दुसरा रकाना सरळ रिकामा. आणि नवराबायकोचं आडनाव एकच कसं असं विचारतील, लग्नाचा दाखला जवळ असू द्या. बँकेत एका स्पेलिंगने आणि शाळेत दुसऱ्या स्पेलिंगने नाव गेलं की पुढे निस्तरताना जीव जातो.

तलावपाळी

दोघांचेही खूप खूप आभार, नावाचं तर डोक्यातच आलं नव्हतं, लेकीच्या पासपोर्टवर मधलं नाव आहे! रांगेचं वाक्य लिहून घेतलं. आता सासूबाईंचं कोणी सांगेल का? त्यांचं खाणं आणि दिवसभर त्या करतील काय, मी जॉब शोधणार आहे त्यामुळे त्या घरी एकट्या असतील. त्यांना इंग्लिशही येत नाही.

नेरूळच्या_काकू

अगं, सासूबाईंची काळजी करतेस हे वाचून बरं वाटलं. माझा मुलगा सारागोसाला आहे, मी आणि हे हिवाळा संपत आला की जातो आणि राहून येतो. मलाही स्पॅनिश येत नव्हतं, इंग्लिशही बेताचंच. तुझ्या सासूबाई छान रमतील बघ.

त्या देशात म्हाताऱ्या माणसांना जागा आहे. संध्याकाळी सहा वाजले की आजीआजोबा नीट कपडे करून, केस विंचरून, लिपस्टिक लावून सुद्धा, बाहेर पडतात. चौकात बाक असतात, तिथे बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं, नातवंडं समोर खेळतात. कोणी म्हणत नाही की या वयात काय नटताय. मी साडी नेसून जायचे तर बायका हात लावून कापड बघायच्या, भाषा नाही आली तरी काही अडत नाही गं. फक्त एक सांगून ठेव, ओळख झाली की बायका दोन्ही गालांना गाल लावून भेटतात, पुरुषसुद्धा बायकांना तसेच भेटतात. त्यांना नको असेल तर हात पुढे करायचा, कोणी रागवत नाही.

खाण्याचं नीट ऐक. "शाकाहारी" म्हटलं की तिथे बऱ्याच लोकांना वाटतं मटण नको एवढंच. सॅलड मागितलं की त्यावर ट्यूना मासा आणि अंडं येतं. फरसबी मागितली की त्यात हामोन म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, मसूर मागितली की त्यात सॉसेज. ते त्याला मांस धरतच नाहीत, चवीला घातलंय म्हणतात. म्हणून चिठ्ठी करून पर्समध्ये ठेव: मांस नाही, मासा नाही, हामोन नाही, ट्यूना नाही, अंडं नाही, असं एकेक नाव घेऊन लिहिलेलं. नाताळात मिळणारे पोल्वोरोन आणि मान्तेकादो दिसायला आपल्या नानकटाईसारखे, पण त्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते, पाकिटावर मान्तेका दे सेर्दो लिहिलं असेल तर सासूबाईंना देऊ नकोस.

पण मिळतं खूप. टोमॅटो किसून लावलेला पाव, गझ्पाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, त्यावर काही घालू नका म्हणून सांगायचं, तळून वर जाडं मीठ घातलेल्या पाद्रोनच्या छोट्या मिरच्या, भाजलेल्या वांग्या-मिरचीची एस्कालिवादा. व्हॅलेन्सियात ओर्चाता मिळतं, ते चुफा नावाच्या छोट्या कंदापासून करतात, दूध नाही अंडं नाही, थंडगार आणि गोड, ते त्यांना नक्की आवडेल. सारागोसाच्या बाजारात बोर्राखास म्हणून एक पालेभाजी असते, मी ती आपल्यासारखी लसणाच्या फोडणीवर करते. छोले काचेच्या बरणीत उकडलेले तयार मिळतात, मसूर मिळते, चण्याचं पीठ मिळतं. तूरडाळ, पोहे, हिंग, रवा बाहेरच्या लोकांच्या दुकानात, म्हणजे बांगलादेशी-पाकिस्तानी किराणावाले असतात त्यांच्याकडे. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र ठाण्याहूनच न्या.

स्वयंपाकघरात विजेची सपाट काचेची शेगडी असते बहुतेक ठिकाणी. गोल बुडाची कढई त्यावर बसत नाही आणि कुकरही इंडक्शनचा पाहिजे, इथून घेऊन जा. औषधं सगळी जास्तीची न्या प्रिस्क्रिप्शनसकट. तिकडे साधं क्रोसिनसारखं पॅरासिटामॉलही फार्मसीतच मिळतं, किराणा दुकानात नाही.

अजून एक, फेब्रुवारीत घरात थंडी वाजते. बाहेर ऊन असतं पण फरशा बर्फासारख्या गार, आणि तिकडची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. लोकरी मोजे आणि घरातली जाड चप्पल विसरू नका.

सानपाडा_लोकल

कागदपत्रांचं थोडक्यात टाकतो, एजंट व्हिसापुरतंच बघतात आणि पुढचं आपल्यालाच करावं लागतं.

मुलीचा जन्मदाखला आणि तुमचा लग्नाचा दाखला, दोन्हीवर आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का) करून घ्या, मग स्पेनने मान्य केलेल्या ट्रान्सलेटरकडून स्पॅनिश भाषांतर. इथे असतानाच करा, तिकडून ठाण्यातली कागदं हलवणं फार कठीण. पोचल्यावर पहिलं काम एम्पाद्रोनामिएन्तो, म्हणजे तिथल्या महापालिकेत आपला पत्ता नोंदवणं. शाळा, हेल्थ कार्ड सगळं त्याच्यावर चालतं. घरमालक जर म्हणाला इथे पत्ता नोंदवू देणार नाही तर ते घर घेऊ नका. रेसिडेन्स कार्डासाठी पोचल्यापासून एक महिन्याच्या आत अर्ज करायचा असतो आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वेबसाइट बघत बसा.

भाड्याच्या घराबद्दल. आपल्याकडे अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स असतं म्हणून तिकडे कोणी अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट पुढे केलं तर आपल्याला बरोबरच वाटतं. तसं नाहीये! राहत्या घराचा नेहमीचा करार असेल तर मालक कंपनी नसून साधी व्यक्ती असेल तेव्हा भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहायचा हक्क असतो, आणि तो टाळायला काही जण तात्पुरत्या मुक्कामाचा करार पुढे करतात. कायद्याने डिपॉझिट एक महिन्याचं, त्यावर जास्तीत जास्त दोन महिन्यांची जादा हमी मागू शकतात. आणि २०२३ च्या कायद्यापासून राहत्या घराच्या एजंटची फी मालकाने द्यायची असते, तुमच्याकडे मागितली तर हे सांगा.

वीज. मीटरला ठरावीक किलोवॅट घेतलेले असतात, ३.४५ किंवा ४.६ असे, गीझर, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की मेन स्विच पडतो. कॉन्ट्रॅक्ट वेळेनुसार दराचं असेल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा वीज सगळ्यात महाग, रात्री बारा ते आठ आणि शनिवार-रविवार सगळ्यात स्वस्त.

इमर्जन्सी नंबर ११२, मुलीला आणि सासूबाईंना पाठ करून द्या.

तलावपाळी

काकू, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या आत्ताच चिठ्ठी करायला सांगतायत. सानपाडा दादा, आम्हाला अकरा महिन्यांचंच घर दाखवलंय, आजच नवऱ्याला सांगते. सासूबाईंना मार्चमध्ये आणायचं म्हणतोय, हवा बरी असते ना?

खारघरवाला

मार्चमध्ये हवा छान असते, पण मार्चमध्ये फायास हा इथला मोठा सण असतो! आधीच सांगतो म्हणजे आजींना धक्का बसायला नको. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता महापालिकेच्या चौकात फटाके लावतात, त्याला मास्क्लेता म्हणतात. ते बघायचे फटाके नाहीत, ऐकायचे, पायाखालची जमीन हलते इतका आवाज. शेवटच्या चार-पाच दिवसांत तर गल्लीगल्लीत मुलं दिवसभर फटाके फोडतात. आजींना बीपी असेल किंवा झोप कमी असेल तर चौकापासून लांबच्या भागात घर बघा.

पण आणू नका असं मात्र म्हणणार नाही. आपल्याकडच्या गणेश मंडळांसारखंच आहे सगळं, प्रत्येक मोहल्ल्याची कमिटी, वर्षभर वर्गणी, कलाकार वर्षभर खपून कित्येक मीटर उंच देखावे करतात आणि १९ मार्चच्या रात्री ते जाळून टाकतात, अग्निशामक दल बाजूला पाइप घेऊन उभं असतं. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीतही आलाय. १७ आणि १८ तारखेला बायका रेशमी पारंपरिक कपडे घालून, केसात मोठ्या कंगव्यासारखे दागिने लावून, हातात फुलांचे गुच्छ घेऊन मिरवणुकीने देवीच्या मोठ्या लाकडी मूर्तीपाशी जातात आणि त्या फुलांनी तिचा शालू भरत जातो, चालताना कितीतरी बायका रडत असतात. आजींना ते नक्की दाखवा, दुपारी ऊन उतरल्यावर न्या, घडीची खुर्ची बरोबर ठेवा.

आणि ताई, शेजाऱ्यांशी ओळख कशी करायची विचारलं होतंत ना, तर तुमच्या मोहल्ल्याच्या फायास कमिटीत नाव घाला. परदेशी आहात म्हणून कोणी अडवत नाही, लहान मुलांचा वेगळा ग्रुप असतो, तालमी, एकत्र जेवणं, मोठ्या परातीत पाएया (इथला भाताचा प्रकार), असं वर्षभर चालू असतं. मुलीची भाषा शाळेपेक्षा तिथे लवकर सुटेल. ऑक्टोबरला पोचलात की लगेच चौकशी करा, त्यांचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि मार्चमध्येच नवं सुरू होतं, पण मधेही घेतात. पाएया मात्र रात्री मागू नका कोणाकडे, ती दुपारची. आणि भाजीची पाएया करतात, आधी सांगितलं की आजींसाठी वेगळ्या परातीत करून देतील, फक्त रस्सा कशाचा आहे ते विचारून घ्या.